जुनी लष्करी विमाने : संग्रह व पुनर्बांधणी

जुनी लष्करी विमाने : सैनिकी सेवेतून निवृत्त झालेली व कोणत्याही वायुसेनेच्या नित्य वापरात न उरलेली विमाने शोधून काढणे, त्यांचा संग्रह करणे आणि शक्य तेथे ती दुरुस्त करून पुन्हा उड्डाणक्षम करणे, या कार्याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या कार्यात मुख्यतः पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांतील विमानांचा समावेश होतो. तथापि त्यानंतरची झोत विमानेही (जेट) आता संग्राह्य मानली जातात.

अशा विमानांचे जतन दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात विमान संग्रहालयाच्या दालनात स्थिर ठेवतात आणि त्याचे मूळ धातू, रंग व सुटे भाग शक्य तितके जसेच्या तसे राखतात. दुसऱ्या प्रकारात ते उडविण्याजोगे करतात. त्यासाठी झिजलेले व धोकादायक झालेले भाग काढून नवे बसवावे लागतात. पहिल्या प्रकारात वस्तू टिकते, पण तिचा आवाज, वेग व चालविण्याची रीत लोप पावते. दुसऱ्या प्रकारात या गोष्टी टिकतात, पण मूळ वस्तू थोडीथोडी नाहीशी होत जाते आणि अपघाताचा धोका कायम राहतो. या क्षेत्राचा सारा इतिहास या दोन बाजूंमधील ओढाताणीचा इतिहास आहे.

नाश व बचाव : दुसऱ्या महायुद्धात [⟶ महायुद्ध, दुसरे] विमानांचे उत्पादन अभूतपूर्व प्रमाणावर झाले. स्पिटफायर जातीची वीस हजारांहून अधिक, हरिकेन जातीची चौदा हजारांहून अधिक, तर लिबरेटर या अमेरिकन बाँबफेकी जातीची अठरा हजारांहून अधिक विमाने बांधण्यात आली. युद्ध संपताच यांपैकी बहुतेक विमाने निरुपयोगी ठरली. झोत एंजिनाच्या आगमनामुळे त्यांचे लष्करी मूल्य उरले नव्हते व शांतताकाळात एवढ्या विमानांची देखभाल कोणत्याही देशाला परवडणारी नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात किंगमन येथे सु. ५,५०० विमाने एकत्र करून ॲल्युमिनियमसाठी वितळविण्यात आली. ब्रिटनमध्येही हेच घडले. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या हवाई संग्रामात लढलेले पी ७३५० क्रमांकाचे स्पिटफायर १९४८ मध्ये भंगाराच्या व्यापाऱ्याला ६५ पौंड १० शिलिंगांना विकले गेले. व्यापाऱ्याने ते न मोडता ठेवले व पुढे शाही वायुसेनेच्या एका संग्रहालयाला दिले, म्हणूनच ते वाचले. आज हेच विमान ब्रिटिश वायुसेनेच्या स्मारक पथकाचे भूषण समजले जाते.

जी विमाने वाचली त्यांतील फारच थोडी इतिहासाविषयीच्या आस्थेमुळे वाचली. अनेक विमाने लहान किंवा नवस्वतंत्र देशांच्या वायुसेनांनी गरजेपोटी वापरात ठेवली, म्हणून टिकली. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या वायुसेनेत मस्टँग ही लढाऊ विमाने १९८४ पर्यंत सेवेत होती. स्पेनमध्ये मेसरश्मिट १०९ या जर्मन आराखड्यावरून बांधलेल्या व ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन एंजिन बसविलेल्या विमानांचा वापर १९६० नंतरही चालू होता. १९६९ मध्ये प्रदर्शित झालेल्या बॅटल ऑफ ब्रिटन या चित्रपटासाठी हीच स्पॅनिश विमाने जर्मन विमाने म्हणून उडविण्यात आली. या चित्रपटाच्या निमित्ताने अनेक जुनी विमाने शोधून दुरुस्त करण्यात आली व पुढे ती खाजगी संग्राहकांच्या हाती गेली.

प्रारंभीचे संग्रह : उडू शकणाऱ्या जुन्या विमानांचा संग्रह करण्याची कल्पना दोन महायुद्धांच्या दरम्यान मूळ धरू लागली. इंग्लंडमधील बेडफर्डशर परगण्यात ओल्ड वॉर्डन येथे रिचर्ड ऑर्मंड शटलवर्थ यांनी १९२८ पासून जुन्या मोटारगाड्या व विमाने जमविण्यास प्रारंभ केला. १९४० मध्ये वायुसेनेतील प्रशिक्षण-उड्डाणाच्या वेळी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मातोश्रींनी १९४४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ न्यास स्थापन केला. या संग्रहात १९०९ चे ब्लेरिओ विमान, पहिल्या महायुद्धातील ब्रिस्टल फायटर व एसई-५ए आणि दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर इ. विमाने आहेत. येथील हॉकर हाइंड हे विमान १९३० नंतरच्या दशकात अफगाणिस्तानला देण्यात आले होते. ते १९७० मध्ये काबूलहून खुष्कीच्या मार्गाने इंग्लंडला परत आणले गेले व १९८१ मध्ये पुन्हा उडाले.

शासकीय पातळीवरील महत्त्वाचा प्रयत्न ११ जुलै १९५७ रोजी सुरू झाला. त्या दिवशी ब्रिटिश वायुसेनेच्या बिगिन हिल तळावर तीन स्पिटफायर व एक हरिकेन यांचे छोटे पथक स्थापन झाले. पुढे यास ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ असे नाव मिळाले. १९७३ मध्ये लँकेस्टर हे चार एंजिनांचे बाँबफेकी विमान त्यात दाखल झाले व १९७६ पासून पथकाचा मुक्काम कॉनिंग्झबी येथे आहे. पथकातील एक हरिकेन १९९१ मध्ये सक्तीच्या अवतरणानंतर जळाले, तेव्हा त्याच्या पुनर्बांधणीचा खर्च उभा करण्यासाठी पथकाला आपले एक स्पिटफायर विकावे लागले. दुरुस्त झालेले हरिकेन १९९८ मध्ये परत उडू लागले.

अमेरिकेत या चळवळीचे स्वरूप प्रामुख्याने खाजगी व स्वयंसेवी राहिले. टेक्सस राज्यात लॉइड नोलेन व त्यांचे काही सहकारी यांनी १९५७ मध्ये एक मस्टँग विमान विकत घेतले. त्यातून १९६१ मध्ये ‘कॉन्फेडरेट एअर फोर्स’ ही संस्था नोंदविली गेली. २००२ पासून ती ‘कमेमोरेटिव्ह एअर फोर्स’ या नावाने ओळखली जाते. कॅलिफोर्नियातील चायना लेक येथे नौदलाच्या शस्त्रचाचणीसाठी लक्ष्य म्हणून बी-२९ जातीची विमाने ठेवलेली होती. त्यांतील एक संस्थेने मिळविले व जुजबी दुरुस्तीनंतर १९७१ मध्ये उडवत टेक्ससला नेले. ‘फीफी’ या नावाचे हे विमान बी-२९ जातीतील दीर्घकाळ एकमेव उड्डाणक्षम विमान होते. चायना लेक येथूनच मिळविलेले ‘डॉक’ हे दुसरे बी-२९ स्वयंसेवकांच्या अनेक वर्षांच्या श्रमांनंतर २०१६ मध्ये उडाले. कॅनडामध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या एका वारसा संस्थेने १९८८ मध्ये लँकेस्टर उड्डाणक्षम केले. सात हजारांहून अधिक बांधल्या गेलेल्या या जातीची एवढी दोनच विमाने त्यानंतर उडत राहिली. २०१४ मध्ये ती ब्रिटनमध्ये एकत्र उडाली.

अवशेषांचा शोध : धडधाकट विमाने दुर्मिळ झाल्यावर संग्राहकांचे लक्ष अपघातस्थळांकडे वळले. जुलै १९४२ मध्ये ब्रिटनकडे निघालेली सहा पी-३८ व दोन बी-१७ विमाने खराब हवामानामुळे ग्रीनलंडच्या बर्फावर उतरली. वैमानिक वाचले, विमाने तेथेच राहिली. पुढील पन्नास वर्षांत त्यांवर सु. ८२ मी. जाडीचा बर्फ साचला. १९९२ मध्ये बर्फात उभे विवर वितळवून त्यातून एका पी-३८ चे भाग एकेक करून वर काढण्यात आले. बर्फाच्या दाबाने त्यांचा बराच चुराडा झाला होता. दहा वर्षांच्या कामानंतर ऑक्टोबर २००२ मध्ये ते विमान केंटकी राज्यात उडाले. मे १९४० मध्ये फ्रान्समधील कॅले येथील समुद्रकिनारी उतरविलेले एक स्पिटफायर वाळूत गाडले गेले होते. १९८० मध्ये ते दिसू लागले, २०११ मध्ये इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे उडाले आणि २०१५ मध्ये सु. ३१ लाख पौंडांना विकले गेले. भंगाराच्या भावात विकल्या जाणाऱ्या वस्तूचे मूल्य एका आयुष्याच्या अवधीत कोठवर गेले, याची यावरून कल्पना येते.

पुनर्बांधणीचे तंत्र : विमान हाती आल्यावर प्रथम ते पूर्ण सुटे करून प्रत्येक भागाची तपासणी करतात. धातूचे दोन प्रमुख शत्रू म्हणजे संक्षारण (रासायनिक झीज) आणि शिणवटा (वारंवार बदलणाऱ्या ताणामुळे येणारा कमकुवतपणा) हे होत. पहिला बहुधा डोळ्यांना दिसतो. दुसऱ्याच्या सूक्ष्म भेगा शोधण्यासाठी क्ष-किरण, श्राव्यातीत तरंग, रंगद्रव्य यांच्या साहाय्याने चाचण्या घ्याव्या लागतात. युद्धकाळातील विमाने काही शे तासांचे आयुष्य गृहीत धरून बांधलेली असत. विभिन्न धातू एकमेकांस टेकलेले असले की ओलाव्यात त्यांची झीज लवकर होते. त्यामुळे अनेक वर्षे उघड्यावर राहिलेल्या विमानातील हजारो रिव्हेट बदलावी लागतात.

प्रत्येक जातीच्या रचनेप्रमाणे कामाचे स्वरूप बदलते. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य कणा एकात एक बसणाऱ्या चौकोनी नळ्यांचा असतो व वरचे कवच पत्र्याचे असते. हरिकेनची रचना त्याहून जुन्या पद्धतीची, म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी चौकटी व कापडी आच्छादन अशी असते. त्याच्या पंखाच्या कण्यासाठी पोलादी पट्टी बहुकोनी आकारात वळवावी लागते. ही यंत्रसामग्री युद्धानंतर नष्ट झाल्याने ती नव्याने तयार करावी लागली. मॉस्किटो हे बाँबफेकी विमान प्रायः बाल्सा लाकूड व बर्च प्लायवुड डिंकाने जोडून बनविलेले होते. त्याचे जुने लाकूड व जोड पुन्हा भरवशाचे होऊ शकत नाहीत. म्हणून न्यूझीलंडमध्ये संपूर्ण साचे नव्याने बनवून त्यांवर धड व पंख तयार करण्यात आले आणि २०१२ मध्ये असे पहिले मॉस्किटो उडाले.

एंजिनाचे काम हे स्वतंत्र शास्त्र आहे. मर्लिन हे १२ सिलिंडरांचे व २७ लिटर क्षमतेचे एंजिन सु. दीड लाख संख्येने तयार झाल्यामुळे त्याचे भाग अद्याप मिळतात. परंतु कमी संख्येने निघालेल्या एंजिनांचे भुजादंड, दट्टे व धारवे मिळणे दुरापास्त असते. अशा वेळी एक चालू एंजिन मिळविण्यासाठी दोन-तीन एंजिने मोडावी लागतात. युद्धकाळातील उच्च ऑक्टेन इंधनही आता उपलब्ध नसल्याने एंजिने कमी दाबावर व पूर्वीपेक्षा कमी शक्तीवर चालवितात.

कामासाठी लागणारे मूळ आराखडे सर्वत्र उपलब्ध नसतात आणि उपलब्ध असले तरी कागदावर न उतरलेले हस्तकौशल्य त्यांतून मिळत नाही. पत्रा ठोकून दुहेरी वक्रतेचा आकार कसा द्यावा, कापडावर लेप किती थरांत चढवावा, एंजिनाच्या आवाजावरून दोष कसा ओळखावा, हे ज्ञान कारागिराकडून कारागिराकडे जाते. त्यामुळे पुनर्बांधणीच्या कार्यशाळा विमानांबरोबरच ते बनविणारी विद्याही जतन करतात.

मूळपणाचा प्रश्न : बर्फातून वा वाळूतून काढलेल्या विमानात नवे पत्रे, नवा कणा व नवे एंजिन बसविल्यावर त्यास जुने विमान म्हणता येईल काय, हा प्रश्न विवाद्य आहे. काही पुनर्बांधण्यांत कारखान्याची क्रमांकपट्टी व थोडेसे भाग एवढेच मूळचे असतात. उड्डाणाचे पुरस्कर्ते असे म्हणतात की, युद्धकाळातही विमानांचे भाग सतत बदलले जात असत आणि विमानाचे सार त्याच्या उड्डाणात असते. याउलट संग्रहालयशास्त्रज्ञांच्या मते मूळ रंगाचा थर, कारागिराची खूण, गोळीचे भोक हे सर्व ऐतिहासिक पुरावे होत; ते एकदा काढून टाकले की परत मिळत नाहीत.

यामुळे काही विमानांबाबत उड्डाणाचा विचार हेतुपुरस्सर सोडून देण्यात आला. हीरोशीमावर अणुबाँब टाकणारे ‘इनोला गे’ हे बी-२९ विमान वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने १९८४ पासून दुरुस्त केले व २००३ मध्ये संपूर्ण जोडून केवळ प्रदर्शनार्थ ठेवले. इंग्लिश खाडीतून २०१३ मध्ये वर काढलेल्या डॉर्निअर १७ या जर्मन विमानावर सायट्रिक अम्लाच्या सौम्य विद्रावाचे फवारे मारून क्षार धुऊन काढण्यात आले. त्याची पुनर्बांधणी करावयाची नाही असे आधीच ठरले होते. ज्या जातीचे एकच विमान उरले आहे ते उडवू नये, हा संकेत आता बराच रूढ झाला आहे.

भारत : या इतिहासात भारताचे स्थान वेगळे आहे. येथे जुन्या विमानांची मोठ्या प्रमाणावरील पहिली पुनर्बांधणी छंद म्हणून झाली नाही, ती संरक्षणाच्या निकडीतून झाली. युद्धसमाप्तीनंतर ब्रिटिश वायुसेनेने आपली लिबरेटर विमाने कानपूरजवळील चकेरी येथे आणून ठेवली व ती कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून निकामी केली. उपकरणे फोडण्यात आली, धडांना भोके पाडण्यात आली व एंजिनांत वाळू टाकण्यात आली. स्वातंत्र्यानंतर भारतीय वायुसेनेला जड बाँबफेकी विमानांची गरज भासली. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने एकाचे भाग दुसऱ्याला जोडून ही विमाने जेमतेम उडण्याजोगी केली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून कानपूरहून बंगलोरला उडवत नेली. तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती होऊन सु. चाळीस विमाने सेवेत आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांचे पहिले स्क्वॉड्रन उभे राहिले. १९५१ पासून आणखी एका स्क्वॉड्रनने पुण्याच्या तळावरून सागरी टेहळणीसाठी त्यांचा उपयोग केला. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली, तेव्हा जगात इतरत्र लिबरेटर जवळजवळ नामशेष झाले होते. ब्रिटन, कॅनडा व अमेरिका येथील संग्रहालयांना त्यांतील विमाने मिळाली. १९८० नंतरच्या दशकात भारतातून परदेशी गेलेले एक लिबरेटर अमेरिकेत १९८९ मध्ये पुन्हा उडू लागले. एक विमान दिल्लीत पालम येथील वायुसेना संग्रहालयात आहे.

स्पिटफायर व टेम्पेस्ट या लढाऊ विमानांच्या बाबतीतही असेच झाले. प्रशिक्षण संस्थांत वा तळांवर पडून असलेली ही विमाने १९७० नंतरच्या दशकात परदेशी संग्राहकांनी विकत घेतली. आज टिकून असलेली टेम्पेस्ट २ जातीची बहुतेक विमाने भारतीय वायुसेनेच्या सेवेतील आहेत. त्यांपैकी एक ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये सायवेल येथे उडाले.

आर ४११८ क्रमांकाच्या हरिकेनची कथा विशेष उल्लेखनीय आहे. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये या विमानाने ४९ लढाऊ उड्डाणे केली होती. १९४३ च्या अखेरीस ते खोक्यात बंद होऊन भारतात आले. परंतु येथे त्याचा लढाईत उपयोग झाला नाही. पुढे ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी बनारस हिंदू विश्वविद्यालयाकडे देण्यात आले व आवारात उघड्यावर राहिले. १९८२ मध्ये पीटर व्हॅचर या ब्रिटिश संग्राहकाच्या ते दृष्टीस पडले. प्रदीर्घ पत्रव्यवहार व परवानग्या यांनंतर नव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ते इंग्लंडला नेले आणि डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा उडाले. न वापरता बंद राहिल्यामुळे या विमानाचे मूळ भाग असाधारण प्रमाणात शिल्लक होते. १९७२ चा भारतीय पुरावशेष कायदा सामान्यतः शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना लागू होत असल्याने युद्धकालीन विमाने त्याच्या कक्षेत येत नव्हती. अशा वस्तूंचे मोल देशात जाणवू लागले, तोवर बरीच विमाने बाहेर गेली होती.

भारतीय वायुसेनेने पालम येथे जुन्या विमानांचे उडते पथक ठेवले होते व १९८० नंतरच्या दशकात त्यातील एक स्पिटफायर उडत असे. नंतर मंदावलेल्या या कार्यास पुन्हा चालना मिळाली. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणलेले टायगर मॉथ हे दोनपंखी प्रशिक्षण विमान ऑक्टोबर २०१२ मध्ये वायुसेना दिनी उडाले. संसदसदस्य राजीव चंद्रशेखर यांनी आपल्या वैमानिक पित्याच्या सन्मानार्थ एक डाकोटा वाहतूक विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून वायुसेनेला देऊ केले. आरंभी हा प्रस्ताव मान्य झाला नव्हता. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तो स्वीकारला गेला. मे २०१८ मध्ये हिंडन तळावर सेवेत आलेल्या या विमानास ‘परशुराम’ हे नाव व व्हीपी ९०५ हा क्रमांक देण्यात आला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे सैनिक श्रीनगरला उतरविणाऱ्या डाकोटाचा तो क्रमांक होता.

स्थिर जतनाचे उदाहरण म्हणून गोव्यात दाबोळीजवळ १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नौदलाच्या वैमानिकी संग्रहालयाचा उल्लेख करता येईल. सी हॉक, अलिझे, सीलँड, फायरफ्लाय, सुपर कॉन्स्टलेशन इ. विमाने तेथे आहेत. त्यांतील बरीचशी उघड्यावर असल्याने खाऱ्या दमट हवेपासून त्यांचे रक्षण करणे हे तेथील एक सततचे काम आहे.

अपघात व नियमन : जुन्या विमानांच्या उड्डाणातील धोके वास्तव आहेत. १९९६ मध्ये ब्रिटनमधील अखेरचे उड्डाणक्षम मॉस्किटो कोसळून दोघे मरण पावले. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरॅम येथे हवाई प्रदर्शनात हॉकर हंटर हे झोत विमान रस्त्यावर कोसळून ११ जण ठार झाले. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रदर्शन-उड्डाणांचे नियम कडक करण्यात आले. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात प्रवासी घेऊन उडणाऱ्या बी-१७ विमानाच्या अपघातात २०१९ मध्ये सात जण, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलस येथे बी-१७ व किंगकोब्रा यांच्या हवेतील टकरीत सहा जण मृत्युमुखी पडले. मे २०२४ मध्ये ब्रिटिश स्मारक पथकातील एक स्पिटफायर कॉनिंग्झबीजवळ कोसळून त्याच्या वैमानिकाचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर या स्मारकांसाठी जिवंत माणसांचे प्राण पणाला लावावेत काय, असा प्रश्न विचारला जातो.

उड्डाणाची परवानगी देताना शासकीय संस्था देखभालीच्या नोंदी, वैमानिकाचा अनुभव, प्रवासी नेण्याची मर्यादा व लोकवस्तीपासूनचे अंतर यांबाबत अटी घालतात. मूळ उत्पादक वा त्यांचे तज्ञ यांचा आधार नसल्यास गुंतागुंतीचे विमान चालू ठेवणे अशक्य होते. व्हल्कन हे ब्रिटिश झोत बाँबफेकी विमान लोकवर्गणी व अनुदान यांच्या बळावर ऑक्टोबर २००७ मध्ये पुन्हा उडाले होते. तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी आपले साहाय्य थांबविल्यावर २०१५ मध्ये त्याची उड्डाणे बंद करावी लागली. ते चालू अवस्थेतच निवृत्त झाले.

ही विमाने युद्धात चालविणाऱ्या वैमानिकांची व ती बांधणाऱ्या कामगारांची पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. आजच्या वैमानिकांना त्यांची हाताळणी मुख्यतः आधीच्या स्मारक-वैमानिकांकडून शिकावी लागते. त्यामुळे किती विमाने उडत राहतील हे पैशापेक्षाही कुशल कारागीर, अनुभवी वैमानिक व योग्य इंधन यांच्या उपलब्धतेवर अवलंबून आहे. उरलेल्या विमानांपैकी कोणती उडवावी व कोणती स्थिर राखावी याचा निर्णय प्रत्येक विमानाची दुर्मिळता, मूळ भागांचे प्रमाण व सुरक्षितता यांचा विचार करून वेळीच घेणे, हे या क्षेत्रातील संस्थांचे प्रमुख कर्तव्य ठरते.